माघारी फिरणारे साडू

डोंगर चढणारी माणसं जगात पैशाला पासरी मिळतील, पण डोंगरावरून माघारी फिरण्यात माझ्या साडूंचा हात धरील असा माणूस अजून जन्माला यायचा आहे. दर वसंतात ते पाठीला स्की बांधून न्यू हॅम्पशायरमधल्या एका डोंगरावर जात, आणि दर वसंतात, माथा हाकेच्या अंतरावर असताना, शांतपणे मागे वळत. सलग सहा वर्षं मी त्यांच्याबरोबर वर गेलो आणि सहाही वर्षं त्यांच्याबरोबर परत आलो. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. बायकोच्या देखादेखी मीही त्यांना भावोजीच म्हणतो. मूळचे नागपूरचे. पंचविशीपर्यंत त्यांनी बर्फ पाहिला तो रसवंतीच्या गाड्यावर, पोत्यात गुंडाळलेला. पुढे नोकरीसाठी अमेरिकेत आले, जर्सी सिटीत आमच्यापासून दोन इमारती पलीकडे राहू लागले, मॅनहॅटनमधल्या ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसू लागले, आणि कुणा सहकाऱ्याच्या नादाने एकदा बर्फावर गेले ते कामातूनच गेले.

चारचौघांसारखं थंडीत जावं, तारेवर लटकणाऱ्या लिफ्टच्या खुर्चीत बसून वर जावं, घसरत खाली यावं आणि कॉफी प्यावी, हे त्यांना मान्य नव्हतं. लिफ्टने वर जाणं म्हणजे दुसऱ्याने चावून दिलेली पोळी खाणं, असं त्यांचं मत. ते जायचे एप्रिलमध्ये, आणि आपल्या पायांनी चढून. वसंतातला बर्फ म्हणजे काय प्रकरण असतं, हे त्यांनी मला आमच्या स्वयंपाकघरातच समजावलं होतं. रात्री तो गोठून चिक्कीसारखा कडक होतो. सकाळी ऊन लागलं की वरचा थर सुटतो आणि जाड रव्यासारखा रवाळ होतो. स्की करायची ती या रव्यावर. मात्र ही वेळ तास-दीड तासाचीच. त्यानंतर रव्याची लापशी होते, आणि लापशी उभ्या उतारावरून कधी घसरेल याचा नेम नाही. घसरली तर माणसाला पोटात घेऊनच खाली येते. तेव्हा रवा होताना माथ्यावर पोचायचं आणि लापशी व्हायच्या आत पायथ्याला यायचं, एवढाच काय तो खेळ. "आणि दरवर्षी ही लापशी लवकर होऊन राहिली आहे," ते म्हणत. "मी नवा होतो तेव्हा मे महिन्यातही रवा मिळे. आता एप्रिलमध्येच कधीकधी रात्रभर गोठतच नाही, यार."

या वेडाची झळ घराला वर्षभर लागे. सकाळचा चहा होताना ते सगळ्यात आधी त्या डोंगरावरचं रात्रीचं तापमान वाचून दाखवत. "उणे सहा! मस्त गोठला!" ताई म्हणजे माझी मेव्हणी चहा गाळता गाळता म्हणायच्या, "पोरीला ताप आला तेव्हा थर्मामीटर कुठे ठेवलाय हे विचारावं लागलं होतं यांना." जर्सी सिटीत बर्फ पडला की पार्किंगच्या कडेला त्याचे ढीग लागतात. भावोजी ऑफिसला जाण्याआधी फावडं घेऊन त्या ढिगातून एक चौकोनी खांब कापून काढत, त्याच्या डोक्यावर फावड्याचं पातं ठेवत आणि वरून थापट्या मारत. दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून, मोठ्याने मोजत. कितव्या थापटीला खांब कोसळतो त्यावरून बर्फाचे थर एकमेकांना किती धरून आहेत ते कळतं म्हणे. ढीग होता सहा फुटांचा आणि तो कोसळून कोणाच्या अंगावर येणार नव्हता, पण सराव हवा ना! चौथ्या दिवशी इमारतीच्या दरवानाने ताईंना बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, की साहेबांचं जवळचं कोणी गेलंय का, कारण ते रोज सकाळी बर्फापुढे गुडघे टेकून काहीतरी थापटत असतात.

पण भावोजींचं खरं वैर बर्फाशी नव्हतंच. ते होतं 'चालेल' या शब्दाशी. हा शब्द त्यांच्या घरात उच्चारायला बंदी होती. "चालेल म्हणजे हो नाही. चालेल म्हणजे मला नकोय, पण तुमच्यापुढे बोलायची हिंमत नाही," असं ते बजावत. त्यांच्याकडे प्रश्नाला दोनच उत्तरं होती, हो किंवा नाही, आणि जे द्याल ते शब्दशः घेतलं जाई. माझी आई नाशिकहून आली असताना मी तिला त्यांच्याकडे घेऊन गेलो. भावोजींनी अदबीने विचारलं, "मावशी, चहा घेणार?" आई आपल्या रीतीप्रमाणे म्हणाली, "नको नको, कशाला त्रास." आता जगातल्या कोणत्याही मराठी घरात याचा अर्थ 'थोडं आलं टाका' असा होतो. भावोजींनी मान डोलावली आणि गॅसकडे वळलेल्या ताईंना खूण करून थांबवलं. पंधरा मिनिटांनी पुन्हा विचारलं. आई म्हणाली, "तुमचा होत असेल तर चालेल." "आमचा नाही होत, मावशी. तुम्हाला हवा की नको?" "अहो, असं काही नाही." तासाभराने आई कोरड्या घशाने लिफ्टमध्ये शिरली आणि दार बंद होताच म्हणाली, "तुझ्या साडूने चहापाणीसुद्धा विचारलं नाही रे!"

दुसरा नियम असा, की एकाचा नकार पुरे. चौघं डोंगरावर असोत नाहीतर दुकानात, एकाने नाही म्हटलं की विषय संपला. कारण विचारायचं नाही, रुसायचं नाही. आणि विचारायला सुरुवात नेहमी सगळ्यात लहानापासून, नाहीतर कच्च्या गड्यापासून, कारण थोरांनी आधी तोंड उघडलं की धाकटे नुसत्या माना हलवतात. तत्त्व म्हणून हे थोर आहे, पण याच्यामुळे त्या घरात नऊ वर्षं सोफा आला नाही. पहिल्या सोफ्याला पाच वर्षांच्या मुलीने नकार दिला. का, ते विचारायचं नव्हतंच, पण तिने आपण होऊन सांगितलं, "इट लुक्स लाइक अ डेड फ्रॉग." दुसरा ताईंना पटेना, तिसरा स्वतः भावोजींना. मुलगी चौदा वर्षांची झाली तरी आम्ही त्यांच्याकडे सतरंजीवर बसत होतो. मंडळाच्या गणपतीचा मेन्यू ठरवायच्या बैठकीत त्यांनी अकरा जणांना एकेक पदार्थ घेऊन हो की नाही विचारलं. अळूवडी, मसालेभात, जिलबी सगळं एकेका नकाराने गळत गेलं आणि शेवटी फक्त काकडीची कोशिंबीर उरली. पुढच्या वर्षी बैठकीचा निरोप त्यांना पोचला नाही.

मी त्यांच्या तावडीत कसा सापडलो, हे आता सांगायलाच नको. सहा वर्षांपूर्वी त्यांनी विचारलं, "येतो का माझ्यासोबत डोंगरावर?" आणि मी, मला तेव्हा बर्फावर धड उभंही राहता येत नसताना, म्हणालो, "चालेल." त्यांनी एवढ्या एकदा ते उत्तर खपवून घेतलं, कारण त्यांना सोबती हवा होता. पहिल्या वर्षी मोटेलच्या खोलीत बुटांचे लोखंडी काटे साफ करता करता त्यांनी मला या सगळ्याचं मूळ सांगितलं. पूर्वी ते आणखी तिघांबरोबर असेच एका उतारावर गेले होते. ऊन चढलं होतं, बर्फ मऊ झाला होता. कोणीतरी विचारलं, जायचं ना? पहिलं 'चालेल' भावोजींचं होतं. मग बाकीच्यांचंही. उतारावरचा बर्फ सुटून खाली आला आणि त्यांच्यातला एक जण छातीपर्यंत गाडला गेला. वाचला, पण आजही पाय ओढत चालतो. "हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बसलो होतो आम्ही," भावोजी म्हणाले. "तेव्हा कळलं, की आम्हा चौघांनाही परतच फिरायचं होतं. चौघांनाही! बोललं कोणीच नाही." एवढं सांगून ते पुन्हा काटे घासू लागले. त्यानंतर हा विषय त्यांनी कधी काढला नाही.

तर त्या डोंगराच्या उजव्या अंगाला एक अरुंद घळ आहे, जिन्यासारखी उभी. तिच्या माथ्यावरून स्की करत खाली यायचं, एवढीच भावोजींची आयुष्याकडून मागणी होती. एका वर्षी धुकं आलं, एका वर्षी ताजा बर्फ पडला, एका वर्षी बर्फच कमी पडून मधले खडक उघडे राहिले. ते दरवेळी मला आधी विचारत, मी धापा टाकत हो म्हणे, आणि मग ते स्वतःच नाही म्हणत. पहिल्या पाच वर्षांत नकार द्यायची पाळी माझ्यावर आलीच नव्हती. खरं तर मी त्यांच्याच नकाराच्या भरवशावर बिनधास्त हो म्हणायचो.

गेल्या वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला त्यांची नोकरी गेली. व्हिसावाल्या माणसाला त्यानंतर नवी नोकरी शोधायला, नाहीतर देश सोडायला, साठ दिवस मिळतात. महिनाभरात दुसरी नोकरी मिळाली नाही, तेव्हा त्यांनी नागपूरची तिकिटं काढली आणि मला फोन केला, "शनिवारी जाऊन येऊ." निघताना ताई खाली गाडीपर्यंत आल्या. भावोजी स्की बांधत होते तेवढ्यात मला म्हणाल्या, "या वेळी त्यांना जाऊ दे हं. पुन्हा नाही व्हायचं हे. तुला भीती वाटली तरी अडवू नकोस." मी हो म्हणालो. अगदी स्पष्ट हो म्हणालो.

त्या रात्री गोठलंच नाही. पहाटे पायथ्याला भावोजींनी हातमोजा काढून बर्फावर हात ठेवला, आणि एरवी त्यावर दहा मिनिटं बोलणारा माणूस काही न बोलता चालू लागला. परतायची वेळ ते नेहमी निघण्याआधीच मोठ्याने ठरवत. त्या दिवशी ठरवली नाही. घळीच्या तोंडाशी आम्ही स्की पाठीला बांधल्या आणि चढायला लागलो. माझा पाय घोट्यापर्यंत रुतत होता, मग पोटरीपर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. वरून लिंबाएवढे बर्फाचे गोळे आपोआप सुटून गडगडत माझ्या बाजूने खाली जात होते. उतार मऊ पडल्याची ती खूण आहे, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. मी वाट बघत होतो, की आता थांबतील, आता विचारतील. ते थांबले नाहीत. पुढे पायऱ्या खणत चालले होते, आणि माथा सत्तर पावलांवर आला होता. इतक्या जवळून तो आम्ही कधीच पाहिला नव्हता.

मला ताईंचं बोलणं आठवत होतं. नागपूरची तिकिटं आठवत होती. सहा वर्षांत या माणसाने स्वतःसाठी एवढी एकच गोष्ट मागितली होती आणि ती त्याच्या हाताशी आली होती. मी जागीच थांबलो. मी हाक मारली, "भावोजी!"

त्यांनी वळून पाहिलं. "काय?"

"नाही," मी म्हणालो.

ते तसेच उभे राहिले. एकदा वर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वर पाहिलं. त्यांनी आता रागावावं, चल रे म्हणावं, मग मी मुकाट्याने जाईन, असं मला मनापासून वाटत होतं. त्यांनी पाठीवरून स्की उतरवल्या आणि म्हणाले, "तू आधी उतर. सावकाश. मी मागे आहे."

पायथ्याला येऊन आम्ही बूट सोडत होतो तेव्हा पन्नाशीचं एक अमेरिकन जोडपं त्याच घळीच्या माथ्यावर दिसलं. दुसऱ्या बाजूने चढून आले असावेत. बाई आधी निघाल्या, मागून नवरा. ओरडत, हसत, सुंदर वळणं घेत दोघं खाली आली. उतार जागचा हलला नाही. मी पाठ फिरवून बूट ओढत बसलो. भावोजींनी मात्र टाळ्या वाजवल्या. "व्वा! काय छान उतरल्या बाई," ते म्हणाले, आणि टाळ्या वाजवून झाल्यावर बराच वेळ घळीकडे बघत राहिले.

परतीच्या वाटेवर दोन तास गेले. शेवटी मलाच राहवेना. "भावोजी, खरं सांगतो, मी बर्फाचं काही बघून 'नाही' म्हटलं नव्हतं. मला फक्त भीती वाटली."

ते ड्राइव्ह करत होते. समोर बघतच म्हणाले, "भीती काय हवेतून येते का रे? काहीतरी बघूनच येते ना?" मग थोड्या वेळाने, "मला नाही आली. सगळं दिसून राहिलं होतं, पण आली नाही. बरं झालं, तू होता."

घरी ताईंनी दार उघडलं. त्यांनी आधी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "झालं का?" मी मान खाली घातली. काय झालं ते सांगायला तोंड उघडणार, तोच भावोजी माझ्यापुढे होऊन म्हणाले, "नाही जमलं. मीच म्हटलं, नको." आणि बूट काढायला खाली बसले. ताईंनी त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि दुसरा हात क्षणभर त्यांच्या खांद्यावर ठेवला. मी खरं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. जूनमध्ये ते नागपूरला गेले आणि ताईंना आजही ते ठाऊक नाही.

त्या दिवशी तो उतार सुटला असता का, हे कोणालाच कधी कळणार नाही. मी बहुधा एका भल्या माणसाच्या हातातोंडाशी आलेला घास काढून घेतला, असं मला वर्षभर वाटत आलं आहे. यंदा एप्रिलमध्ये ऑफिसातले दोघं जण त्याच डोंगरावर निघाले होते आणि मलाही ये म्हणून आग्रह करत होते. चांगली माणसं आहेत, माझ्यापेक्षा कितीतरी तयारीची आहेत. मी गेलो नाही. माझ्याबरोबर वर चढणारे हवे तेवढे मिळतील. पण माझ्या एका शब्दाखातर, त्याचं कारण न विचारता, सत्तर पावलं अलीकडून मागे फिरेल असा माणूस आता या देशात माझ्या ओळखीचा नाही.