भाऊजींची कोयनेलीची कोंबडी

ऑफिसात फोन आला तेव्हा मी डबा उघडत होतो. पलीकडून ताई म्हणाली, "विनू, घरी ये. हे उठत नाहीयेत." एवढंच... मी मीरा रोडला पोचेपर्यंत डॉक्टर येऊन गेले होते. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे भाऊजी, दुपारच्या झोपेतच गेले होते. पुढचे कितीतरी दिवस माणसं येत राहिली. किती हसतमुख होते, कुणाच्याही मदतीला कसे धावायचे, असं सगळे बोलत होते आणि ते खरंच होतं. त्यांच्या मुलीच्या लग्नाचा विषय मात्र कुणी काढला नाही. आमच्या घरात तो काढायचा नाही, हे जणू ठरलेलंच होतं. परवा त्याच मुलीनं, वैशालीनं, मला सांगितलं, "मामा, तू लिही. बाबा त्या पायी काही वर्षं मान खाली घालून राहिले." म्हणून लिहितोय.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा दादरच्या दोन खोल्या सोडून भाऊजी मीरा रोडला, पेणकरपाड्याजवळच्या नव्या इमारतीत आले. त्यांच्या पाठोपाठ मीही वरच्या मजल्यावर आलो. ते एका औषध कंपनीत स्टोअरकीपर होते. ब्लॉकपेक्षा त्यांना इमारतीच्या मोकळ्या कंपाउंडचं अप्रूप जास्त. वैशाली लहान असताना ते तिला मलबार हिलच्या बागेत न्यायचे, तिथले झाडं कापून केलेले हत्ती, जिराफ दाखवायचे आणि म्हणायचे, "आपली जागा झाली की तुला मोर करून देईन." जागा झाली, आणि पाठोपाठ वैशालीचं लग्नही ठरलं. बैठकीत भाऊजी भरात येऊन व्याह्यांना म्हणाले, "तुम्ही याल तेव्हा दारात दोन जिवंत मोर उभे असतील." लग्न इमारतीच्या कंपाउंडमध्येच होतं. व्याही म्हणाले, "वा, बघू की!"

झाड कोणतं घ्यायचं याचा त्यांनी फार विचार केला नाही. मोर करायचा तर मोरपंखीच हवी, एवढं सरळ गणित. नर्सरीवाला म्हणाला, "ले जाओ साहब, शादी तक जंगल हो जाएगा." चपट्या, पिसासारख्या फांद्यांची दोन डेरेदार झाडं कुंड्यांतून आली. दर रविवारी भाऊजी कात्री घेऊन बसायचे. खाली तारेचा सांगाडा नाही, दोरी नाही, सगळं नजरेनं. शेपूट बरी जमली, पण मान जाड दिसत होती. ती बारीक करायला ते आत, आणखी आत कापत गेले, आणि हिरव्याच्या आतला वाळका तपकिरी भाग उघडा पडला. मोरपंखीला जुन्या लाकडावर पुन्हा पालवी फुटत नाही, हे आम्हाला कुठं ठाऊक होतं? "येईल रे," ते रोज म्हणत. त्यात बोअरिंगचं मचूळ पाणी. लग्नाच्या सकाळी दोन्ही मोरांच्या माना उघड्या लाकडाच्या होत्या, आणि भाऊजी त्यांना हिरवा क्रेप कागद गुंडाळत होते.

नवऱ्या मुलाचे काका दारातच थांबले. "हे मोर होय? मला वाटलं, मटणवाल्यानं सोललेल्या कोंबड्या मांडल्यात!" सगळे हसले. नवरा मुलगा श्रीकांतही हसला. वैशाली मुंडावळ्या बांधून आत बसली होती, तिच्या कानावर ते गेलंच. भाऊजीही हात जोडून हसले. त्यांचा चेहरा माझ्याच्यानं बघवला नाही.

कन्यादान झालं, पंगती उठल्या. पाठवणीच्या वेळी भाऊजी कुठंच दिसेनात. शेवटी ते मला फाटकाजवळच्या पंपरूममध्ये सापडले, उपड्या बादलीवर बसलेले, जरीकाठी धोतर ओल्या लादीवर लोळतंय...

"विनू, तिला सांग, बाबांना बरं नाही."

"भाऊजी, ती निघालीय. असं काय करताय?"

"मी कुठल्या तोंडानं उभा राहू तिथं? तिच्या पहिल्याच दिवशी तिचं हसं केलं मी."

मी जाऊन तसं सांगितलं. वैशाली आपल्या आईच्या पाया पडली, जिन्याकडे एकदा बघून फाटकापाशी गाडीत बसली.

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी दोन्ही झाडं उपटून टाकली. मोरांचं काय, ते लोक विसरले. मुलीला निरोप दिला नाही, हे मात्र ते स्वतः विसरू शकले नाहीत. तिचा फोन आला की "थांब हं, आईला देतो" म्हणून रिसीव्हर पुढे करायचे. जावई दिवाळीला आले की भाऊजींना नेमकं बाजारात काम निघायचं. ताई चिडायची, मग तिनंही सोडून दिलं.

मिठागरांच्या बांधावर कोयनेलीची झुडपं आपोआप माजतात. फिरायला गेलं की भाऊजी त्यांच्यापाशी थांबायचे. मिठागरवाले ती बुडख्यापर्यंत तोडतात आणि ती पुन्हा दाट फुटतात. तिथल्याच फांद्या आणून त्यांनी कुंडीत लावल्या. "पान बारीक, खाऱ्या वाऱ्याची सवय, आणि चूक केली तरी माफ करणारं झाड," ते मला म्हणाले. या वेळी मोराचं नाव नाही. आधी नुसता गोळा. शेंडे खुडायचे, झाडाभोवती फिरून लांबून बघायचं, मग थोडंच कापायचं. गोळा जमल्यावर तारेचा सांगाडा घातला, कोवळ्या फांद्या त्यावर सुतळीनं बांधल्या. तीन पावसाळे गेले असतील.

वैशाली बाळंतपणाला आली तेव्हा ते तयार होतं. ती फाटकातच थांबली.

"बाबा, हे काय?"

"कोंबडी," भाऊजी म्हणाले.

मग ती पोट धरून हसायला लागली, भाऊजीही हसले, आणि हसता हसता एकदम म्हणाले, "त्या दिवशी मी आजारी नव्हतो गं. पंपरूममध्ये होतो."

"माहितेय. दाराखालून धोतराचा काठ दिसत होता."

"मग आली का नाहीस?"

"आले असते तर तुम्हाला आणखी लाज वाटली असती... तुम्ही तरी फोनवर कधी बोललात, बाबा?"

त्यांनी तिच्या हातातली बॅग घेतली आणि जिना चढायला लागले. त्यानंतर फोन घरात वाजला की आधी तेच उचलायचे.

भाऊजींच्या तेराव्याला कंपाउंडमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. कोंबडीला दोन आठवडे कात्री लागली नव्हती, पाठीवर, चोचीवर कोंब सुटले होते. माणसं पांगल्यावर जावई श्रीकांत भाऊजींची कात्री घेऊन तिच्यापाशी उभा दिसला.

"मामा, मान कुठून सुरू होते?" त्यानं विचारलं.

मीही जवळ जाऊन बघितलं. तो कुंडीभोवती फिरला, मागं सरून बघितलं, एकच शेंडा कापला आणि कात्री मिटली.

"आज एवढंच," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी येतो."