बाराव्या पडद्याचा सूर

गुटख्याचा वास आला की मला जिते गावाजवळच्या लग्नातली एक हळद आठवते. माझ्या इलेक्ट्रिक गिटारचा मोडलेला दांडा नुकताच बदलला होता आणि त्यावरच्या बाराव्या पडद्यावर बोट दाबलं की प्रत्येक तार सुरापेक्षा चढी बोलत होती. कार्यक्रमाआधी मी मांडवामागे बसून एकेका तारेचा स्क्रू फिरवत सूर जुळवत होते. आमच्या ऑर्केस्ट्राचा मालक गुटख्यानं तोंड भरलेलं असतानाच वाकून म्हणाला, "हळदीत कोण ऐकतंय गो? लोकांना नाचायचं हाय!" लाल थुंकी कोऱ्या दांड्यावर उडाली. त्यानं ती हसत हसत अंगठ्यानं तारांवरच फासली. मी दांडा पुसला, गिटार पिशवीत घातली आणि त्याच्या हाका ऐकत सरळ स्टेशन गाठलं. आता मी रोह्यात मुलींना गिटार शिकवते. त्यांना आधी हात धुवायला पाठवते, तेव्हा बाई फारच कडक आहेत असं त्यांना वाटतं.