सूत वाळेपर्यंत

सूत रंगवायच्या त्या कारखान्यात तिला सगळे ‘डोळा’ म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिला त्यात काही गैर वाटत नसे. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितलं जाई, हौदातून लडी निघाली की आधी डोळ्याला दाखव, मग पुढचं काय ते बोल. गिऱ्हाइकानं पाठवलेला चिंधीएवढा नमुना एका हातात, नुकती रंगलेली लडी दुसऱ्या हातात, आणि ती उत्तरेच्या खिडकीशी उभी. तिथे ऊन कधी थेट येत नसे. दिवसभर एकसारखा, दुधासारखा उजेड असे, आणि हौदांची वाफ त्या उजेडात हळूहळू वर चढून छताशी विरून जाई. सत्तावीस वर्षं ती त्या खिडकीशी उभी होती. निळ्यात लाल किती पडलाय हे ती नुसतं पाहून सांगे, आणि रंग मोजायच्या यंत्रानं वेगळं काही सांगितलं तर लोक यंत्र दुरुस्तीला पाठवत.

तिच्या कामाचा एकच कडक नियम होता. ओल्या सुतावर मत द्यायचं नाही. ओलं सूत नेहमी गडद दिसतं, त्याचा खरा रंग वाळल्यावर कळतो. म्हणून लडीचं टोक कापून गरम हवेच्या कपाटात टांगायचं आणि बारा-पंधरा मिनिटं थांबायचं. मॅनेजर डोकं खाई, गिऱ्हाइकाचा फोन वाजत राही, ही आपली हात मागे बांधून वाफेकडे बघत उभी. मोबाईल लॉकरमध्ये. अशी ही बाई घरी मात्र एक मिनिट थांबू शकत नव्हती, आणि तिच्या नवऱ्याचं बोलणं नेमकं त्या एका मिनिटावर अडलं होतं.

नवरा बसचालक. बोलण्यात कुणाला हार जाणारा नव्हता. दिवसभर बस चालवून आला तरी जेवताना सगळ्या थांब्यांवरची माणसं घरात आणून बसवायचा. कोण भांडलं, कोण छत्री विसरलं, कोण रोज त्याच खिडकीशी बसून रोज तीच तक्रार करतं. ती ऐकायची आणि मधून मधून हसायची. मग एका सकाळी दात घासता घासता तो बेसिनशी खाली बसला. मेंदूत रक्ताची गुठळी. उजवा हात गेला आणि जीभ गेली. हात दोन महिन्यांत बराचसा परत आला. शब्द मात्र आतच कुठेतरी राहिले. त्याला कळायचं सगळं. तोंडातून निघायचं नाही, एवढंच.

तो दवाखान्यात होता तेव्हा बाहेरच्या बाकावर तिचा वेळ जाता जात नव्हता. तिची धाकटी नणंद शेजारी बसली होती. तिनं हिचा मोबाईल घेतला आणि त्यात एक खेळ घालून दिला.

“वहिनी, जरा मन रमेल. नुसत्या दाराकडे काय बघत बसतेस.”

मण्यांचा खेळ होता. रंगीत मणी वरून सावकाश गळत. तीन सारखे शेजारी आले की विरघळून जात आणि लांब कुठेतरी घंटी वाजावी तसा बारीक आवाज होई. मग पुन्हा मणी. हिच्यासारख्या नजरेला तो खेळ म्हणजे पोरखेळ होता, आणि तेच बरं वाटत होतं. दाराच्या आत काय चाललंय हे कुणी सांगत नव्हतं. इथे मात्र सगळं जुळत होतं, लगेच जुळत होतं, आणि जुळलं की कुणीतरी शाबासकी देत होतं. ती अठरा दिवस तिथे खेळली. पुढे डोळे मिटले तरी पापणीच्या आत मणी गळत राहायचे, शेंदरी, जांभळे, मोरपंखी. बस पकडायला उभी असली तरी समोरच्या इमारतीच्या खिडक्या तीन-तीन करून विरघळताना दिसायच्या. ते एक मऊ, उबदार झोपेसारखं होतं, आणि त्यातून बाहेर यायला तिचा पाय निघत नसे.

नवरा घरी आला. स्पीच थेरपिस्टनं चित्रांची चाळीस कार्डं दिली होती. चावी, खुर्ची, छत्री, शिडी. रोज संध्याकाळी अर्धा तास बसायचं. एकेक कार्ड दाखवायचं आणि थांबायचं. शब्द पुरवायचा नाही, दुसरीकडे बघायचं नाही, नुसतं त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचं, असं त्या तरुण बाईनं बजावलं होतं. एकेका शब्दाला कधी मिनिट लागायचं, कधी तीन.

त्या तीन मिनिटांत तिचे हात शिवशिवायला लागायचे. तो छत्रीकडे बघत ओठ हलवायचा, कपाळावर घाम यायचा, आणि तिला ते बघवत नसे. मोबाईल मांडीवर असायचा. पहिल्यांदा तिनं नुसती एक नजर टाकली. मग एक डाव. मग खाली बघता बघताच ती म्हणायची, “छत्री. हं, पुढचं.” तो मान हलवायचा, नको, सांगू नकोस. पुढे पुढे मान हलवायचंही त्यानं सोडलं. तिसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी त्यानं कार्ड हळूच पालथं घातलं आणि खिडकीबाहेर बघत बसला. तिला सुटल्यासारखं वाटलं. आणि सुटल्यासारखं वाटलं याची इतकी लाज वाटली, की ती विसरायला तिनं आणखी तासभर मणी जुळवले.

कुणी विचारलं असतं तर तिनं कानावर हात ठेवले असते. व्यसन म्हणजे दारू, असं तिचं मत. मी कामावर एक रंग चुकत नाही, घरात स्वयंपाक वेळेवर होतो, मग कसलं व्यसन? टॉवेलांच्या घडीखाली मोबाईल का लपवतेस, न्हाणीघरात अर्धा अर्धा तास काय करतेस, हे मात्र ती स्वतःला विचारत नसे.

चौथ्या महिन्यात थेरपिस्टनं वही उघडली. “सुरुवातीला एकवीस शब्द येत होते. आज नऊ आले. घरी यांच्याबरोबर कोण बसतं?”

“मीच.”

“रोज?”

“रोज.”

नवरा तिथेच बसला होता. त्यानं बायकोकडे पाहिलं आणि मग भिंतीकडे. त्याला बोलता येत असतं तरी त्यानं तिचं नाव सांगितलं नसतं, असा माणूस.

“पहिले काही महिने फार मोलाचे असतात,” थेरपिस्ट म्हणाली. “मेंदू आता भराभर शिकतो. पुढेही शिकतो, पण फार सावकाश. आता यांनी प्रयत्नच सोडला तर अवघड आहे.”

ती बाहेर बाकावर येऊन बसली. रडू आवरत नव्हतं, आणि तिच्या हातांनी मोबाईल काढून खेळ सुरू केला होता. डोळ्यांतलं पाणी पडद्यावर पडत होतं, बाहीनं पडदा पुसून ती पुढचा मणी सरकवत होती. हे आपणच करतोय हे तिला दिसत होतं आणि थांबवता येत नव्हतं. ती पहिल्यांदा घाबरली. थेरपिस्टनं ते दारातून पाहिलं. ती बाहेर आली. शेजारी बसली आणि व्हरांड्याच्या टोकाचं एक दार दाखवलं.

त्या दाराआड एक वयस्कर समुपदेशक बाई बसायच्या. अंगात विटका स्वेटर, समोर थंड झालेला चहा. त्यांनी ना उपदेश केला ना डोळे वटारले. म्हणाल्या, “व्यसनाला बाटली लागतेच असं नाही. जुळलं की बरं वाटतं, कधी जुळेल ते नक्की नसतं, म्हणून मन वाट बघत बसतं. एकदा त्या सुखाची सवय लागली की बाकीची सुखं फिकी पडतात. मग सुखही उरत नाही, नुसती ओढ उरते. खेळून आता बरं वाटतं का?”

तिनं जरा विचार केला. “नाही. न खेळता वाईट वाटतं.”

“हेच ते. यात तुमचा नाकर्तेपणा नाही. पण काम तुम्हालाच करावं लागेल.”

पहिलं काम म्हणजे वही. ओढ कधी आली, त्याआधी काय चाललं होतं, काय केलं, तेवढंच लिहायचं. दुसरं, बाईंनी मोबाईलचा पडदा रंगहीन करून दिला. सगळं करडं. “रंग गेले की खेळाची गंमत जाते. बहुतेकांना याचा उपयोग होतो.”

आठवड्यानं ती परत आली ती मान खाली घालून.

“खेळलात?”

“रोज.”

“करड्या मण्यांशी?”

“लाल मणी करडा झाला तरी जरा जडच दिसतो. पिवळा हलका. हिरवा आणि निळा फार जवळचे, पण बारीक बघितलं की कळतात.” आणि इतकं सगळं होऊनही तिच्या आवाजात किंचित तोरा होता. “उलट आता जास्त मजा येते.”

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि त्या पोट धरून हसल्या. हसून झाल्यावर म्हणाल्या, “माझंच चुकलं. तुम्ही काम काय करता ते मी विचारलंच नव्हतं. सांगा बघू.”

मग ती सांगत बसली. हौद, खिडकी, लडीचं कापलेलं टोक, गरम हवेचं कपाट. बाई मधेच थांबवून विचारत होत्या. ओलं असताना गडद का दिसतं? मग मत दिलंच तर काय होतं? त्या पंधरा मिनिटांत तुम्हाला मोबाईल आठवतो का?

“नाही,” ती म्हणाली, आणि हे तिचं तिलाच नवीन होतं. “तिथे थांबणं हेच काम असतं.”

बाईंनी तिची वही उघडून तिच्यापुढे सरकवली. पानापानावर तीच नोंद होती. ‘हे शब्द शोधत होते. मला बघवेना.’

“तुम्हाला खेळाची ओढ नाही एवढी,” बाई हळूच म्हणाल्या. “तुम्हाला त्यांच्या तोंडाकडे बघायची भीती वाटते. शब्द आलाच नाही तर, ही. ती भीती ओल्या सुतासारखी समजा. येते तेव्हा फार गडद दिसते. तिच्यावर लगेच मत देऊ नका. पंधरा मिनिटं टांगून ठेवा आणि मग बघा.”

सांगणं सोपं होतं. खेळ काढून टाकला, संध्याकाळी पाच ते सात मोबाईल नणंदेकडे राहू लागला. नणंद रडली. मीच हे घरात आणलं, म्हणाली. पहिले दहा दिवस ही घरभर येरझाऱ्या घाली, झाकणं आपटी, क्षुल्लक कारणावरून तोंड सोडी. ओढ यायची तेव्हा ती घड्याळ लावून बसायची. चौथ्या मिनिटाला छाती धडधडायची, आठव्याला तर वाटायचं आता जीव जातो. बाराव्या-तेराव्या मिनिटाला ओढ खरंच फिकी पडायची, आणि बाहेर कुणाच्या तरी दोरीवरचे कपडे वाऱ्यावर हलताना दिसायचे, एकसारखे नसलेले, न जुळणारे. तिसऱ्या आठवड्यात तिनं खेळ पुन्हा घेतला आणि अख्खा रविवार त्यात घालवला. वहीत तेही लिहिलं. बाई म्हणाल्या, “लपवलं नाहीत. मागच्या महिन्यात लपवलं असतं.” आणि त्या रविवारी सकाळी काय झालं होतं, ते विचारत बसल्या.

नवरा मात्र कार्डाला हात लावत नव्हता. रोज ती समोर बसे, कार्ड ठेवी, अर्धा तास त्याच्या तोंडाकडे बघे. तो खिडकीकडे बघे. पाच आठवडे असेच गेले. आपण उशीर केला, हे तिच्या मनात पक्कं होत चाललं होतं.

त्या दिवशी संध्याकाळचा उजेड भिंतीवर तिरपा पडला होता आणि त्यात धूळ सावकाश तरंगत होती. तिनं चावीचं कार्ड ठेवलं. त्यानं कार्डाकडे पाहिलं नाही. त्यानं तिच्या मांडीकडे पाहिलं, तिच्या रिकाम्या हातांकडे, आणि मग तिच्याकडे. ओठ हलायला लागले. हा चावीचा ‘चा’ नव्हता, एवढं तिला कळलं. बाकी काही कळेना. कपाळावर घाम आला. तिचे हात शिवशिवले, भीती आली, नेहमीसारखी काळी, दाट. तिनं नजर हलवली नाही. एक मिनिट गेलं. किती गेली कोण जाणे.

“जिं,” तो म्हणाला. आणि बऱ्याच वेळानं, “जिंक.” तिला पुढचं समजलं होतं, तोंडापर्यंत आलं होतं, तरी तिनं ते त्याला दिलं नाही.

“जिंकलीस का?”

तो चिडवत होता की खरंच विचारत होता, ते तिला ओळखता येईना. त्याच्या तोंडाची एकच बाजू हसायची आता.

“नाही हो,” ती म्हणाली. “तो खेळ संपतच नाही. तुम्ही शब्द शोधत होतात आणि मी खाली बघून खेळत होते. मला वाटायचं, तुमचं लक्ष नसतं.”

“होतं,” तो म्हणाला. हा शब्द पटकन आला, आणि तो स्वतःच दचकला.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते पुसलं नाही, कारण पुसताना नजर हलली असती.

“मग इतके दिवस काय काय पाहिलंत,” ती म्हणाली, “ते सांगा मला.”

त्यानं तोंड उघडलं, आणि ती थांबून राहिली.