पोशीरच्या बांधावरची अंडी

मे महिन्यात कर्जतला कोण शहाणा माणूस जातो? मी गेले, माझ्या भाचीसाठी. ऋता नाकतोड्यांवर संशोधन करते. त्यांची अंडी उन्हाळाभर मातीत निजून राहतात आणि पाऊस आला की फुटतात. हल्ली मेमध्येच अवकाळी सर येते. फसलेली पिल्लं बाहेर पडतात, खायला हिरवं काही नाही म्हणून मरतात. जी फसत नाहीत त्यांची पोरंही तशीच सावध निपजतात का, हे तिला पाहायचंय. गेल्या वर्षी तगलेल्यांची अंडी तिने पोशीरच्या एका बांधात जपली होती.

पनवेलहून जुन्या हायवेने चौक, तिथून कर्जत, मग नेरळवरून पोशीर. रस्ता ठीक आहे. चौकला वडापाव खाऊन घ्या, कारण पुढे रिसॉर्टचं जेवण आहे. आमच्या रिसॉर्टवर साडेचार हजारांत बैलगाडीचं चाक, भिंतीवर 'निसर्ग जपा' आणि पिठल्यात साखर मिळाली. डोंबलाचा निसर्ग!

सकाळी शेतावर गेलो तर बांध नव्हता. खरवडून सपाट केलेल्या मातीवर पेव्हर ब्लॉक बसले होते. रिसॉर्टचा मॅनेजर अभिमानाने सांगत होता, पाहुण्यांच्या चपला मळत होत्या, आता सूर्यास्त बघायला कशी छान वाट झाली. वर किडेही गेले म्हणे. या माणसाला निसर्ग हवा, फक्त त्यात जिवंत काही नको.

शेत दामूकाकांचं, रिसॉर्टला भाड्याने दिलेलं. ते मान खाली घालून उभे होते.

"तुजा बांध सोडा म्हणून सांगितलं होतं गं बाय. फोटोत वाकडा दिसतो म्हणाले. मी मग गप बसलो."

ऋता कडेची माती बोटांनी उकरत राहिली. फेसासारखी वाळलेली अंड्यांची कवचं निघाली, साळुंक्यांनी फोडलेली. मला इतका संताप आला की मॅनेजरला तोंडावर मूर्ख म्हणाले. तो हसला आणि चहा विचारला.

परत येताना गाडीत ऋता म्हणाली, "त्यांना बदलायला पिढ्या लागतात, मावशी. माझ्या संशोधनाला एकच वर्ष उरलंय."

तुम्हाला कर्जतला जायचंच असेल तर जा. पण पायाला माती लागायला नको असेल, तर घरीच बसा ना!

आम्ही घरी पोचलो त्याच संध्याकाळी अवकाळी सर आली. ऋता वर्षभर हिचीच वाट पाहत होती. तिने उठून खिडकी लावून घेतली.