हात ओळखणारी गंगाक्का

गंगाक्का कुणाच्याही घरात शिरली की आधी जमिनीकडे बघायची, मग माणसाकडे. "आज घाईत सारवलंस व्हय गं? सासू बोलली वाटतं," असं म्हणतच आत यायची. आणि सासू खरंच बोललेली असायची. लग्न होऊन मी वळसंगच्या पुढच्या त्या खेड्यात गेले, तेव्हा मला तिची भीतीच वाटायची. मी मुळात कमी बोलणारी. सासऱ्यांनी तर पहिल्या दोन वर्षांत माझा आवाज ऐकलाच नव्हता.

आक्काला जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती एकटीच राहायची. सकाळी पाटलांच्या गोठ्यातलं शेण काढायचं, त्यातलं निम्मं घरी आणायचं, गवऱ्या थापून विकायच्या. सुगीत लोकांच्या रानात काढणीला जायचं. सणाच्या आधी कुणाचं घर सारवायचं राहिलं असेल तर पदर खोचून बसायची. हात अर्धगोल असा फिरवायची की भिंतीपासून उंबऱ्यापर्यंत मोराचे पिसाऱ्यावर पिसारे दिसत. म्हणायची, "मानसाचं तोंड लई शिकल्यालं असतंय. हात मातर अडानीच ऱ्हातो. त्याला खोटं बोलाय येत न्हाय."

मोठा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. त्या साली जोंधळा बरा आला, सगळं गाव दिवसभर रानात. आणि गावात चोऱ्या सुरू झाल्या, त्याही भर दुपारी. पहिली चोरी झाली तेव्हा पेटी फोडली होती. मग आम्ही बायका हुशार झालो. विहिरीवर एकमेकींच्या कानाला लागून ठरवलं, की सोन्याचे डाग पेटीत ठेवायचेच नाहीत, घरात जमिनीत पुरायचे आणि वरून सारवून टाकायचं.

त्यानंतर आठवड्यात दोन घरं फुटली. पेटीला हात नाही, फडताळाला हात नाही. जिथं पुरलं होतं नेमकं तिथंच उकरलेलं. गाव हादरलं. चोराला जमिनीतलं दिसतं म्हणे. कितीतरी लोक कामाला जाईनात, पीक उभं वाळायला लागलं. मग कुणीतरी म्हणालं, ओढ्याकाठी घिसाड्याचं पाल उतरल्यापासून हे चाललंय. त्याच्या बायकोला मंतर येतो.

ते नवराबायको गावोगाव फिरून विळे-खुरपी करून द्यायचे. बायकोचं नाव तुळसा. ती भाता ओढायची, तिचे दिवस भरत आले होते. विळ्याला धार लावायला गेले की मला बसायला पोतं टाकायची. तिला मंतर येतो हे मला खरं वाटलं नाही. पण मी कुणाला सांगणार?

एके दिवशी आक्का आणि मी सकाळपासून आमच्याच रानात काढणीला होतो. दुपार कलल्यावर पाणी प्यायला म्हणून दोघी घरी आलो. सासू अजून रानातच होती. आक्कानं तांब्या तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला.

"जात्यापाशी पुरलंस व्हय बोरमाळ?"

"तुला कसं कळलं आक्का?"

"सण न्हाय, वार न्हाय, आन सुपाएवढीच जागा सारवल्याली. आगं, चोराला बोट करून दावलं की तुमी समद्यांनी. कवा सारवलंस?"

"परवा."

ती खाली बसली आणि तिनं हाताचा तळवा तिथं टेकवला. "परवाचं आन अजून वलं? ह्यो हात तुजा न्हाय. बाई हात वढती. हितं कुनीतरी, उकरल्यालं लगीच कळू नये म्हनून, गवरीगत नुसतं थापलंय."

मी खुरप्यानं उकरलं. बोरमाळेची डबी नव्हती. मला रडू फुटलं. आक्का माझ्याकडे बघतही नव्हती. तिनं सारवणाचा ओला पोपडा उचलला, बोटांनी चुरला, उजेडाला धरला.

"हिरवं हाय ह्यात. आख्ख्या गावाची जनावरं वाळला कडबा खात्यात. ह्या दिसांत हिरवा घास कुनाच्या म्हशीला हाय, सांग बगू."

विहिरीवर इंजिन एकट्या पाटलांचं होतं, पाण्यावरचा हिरवा चारा त्यांच्याच रानात. माझं रडू थांबलं.

तेवढ्यात चावडीकडून गलका ऐकू आला. आक्का पोपडा मुठीत धरून निघाली. डोक्यावरचा पदर धरून मी तिच्या मागं पळत होते, आणि आपण पळतोय हे मला चावडी दिसेपर्यंत कळलंच नाही.

वीस-पंचवीस माणसं काठ्या घेऊन उभी. माझे सासरेही होते. मध्ये घिसाडी हात जोडून, आणि तुळसा पोटाशी दोन्ही हात धरून खाली बसलेली. पाटलांचा धाकटा भाऊ दाजीबा ओरडत होता, "दिस मावळायच्या आत पाल उचला. न्हायतर पेटवून देतो."

तुळसा म्हणाली, "दादा, चार दिस द्या. ह्या अंगानं वाटंला लागले तर मी वाचायची न्हाय."

"चोरी करताना अंग जड न्हवतं व्हय?"

आक्का काठ्यांमधून वाट काढत सरळ कट्ट्यावर बसलेल्या पाटलांपुढं गेली, मूठ उघडली आणि माझ्याकडं बोट केलं. "पाटील, ह्ये बगा. हिच्या घरात आत्ता दुपारी कुनीतरी डाग काढून वर ह्ये थापलंय. तुमच्या म्हशीचं शेन हाय."

काही माणसं हसली. दाजीबा हसला नाही. म्हणाला, "गोठ्यातलं शेन रोज कोन न्हेतंय? तूच की. मग चोर तूच झालीस म्हातारे."

हसणं थांबलं. गोष्ट खरी होती. ते शेण दाजीबाच्या हाती जेवढं होतं, तेवढंच आक्काच्याही. माणसं तिच्याकडे वळून बघायला लागली. आक्कानं मूठ मिटून घेतली.

मग कुणीतरी बोललं. तो आवाज माझा होता. "आक्का सकाळपास्नं माज्यासंगं रानात हुती. मामांनीबी बगितलंय."

सासऱ्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू घरातली उतरंड बोलली. मग म्हणाले, "व्हय. हुती. दाजीबा मातर मला गावाकडं जाताना दिसला हुता."

पाटील उठले. कुणाला न बोलावता आपल्या गोठ्याकडे गेले. आम्ही सगळे तिथंच उभे. दाजीबा हळूच मागं सरकायला लागला, तर दोघांनी काठ्या आडव्या धरल्या. पाटील परत आले तेव्हा त्यांच्या हातात फडक्याचं गाठोडं होतं, घासाच्या काड्या चिकटलेलं. गव्हाणीच्या तळाशी सापडलं म्हणाले. माझी डबी त्यात वरच होती. भावाला त्यांनी त्याच दिवशी बैलगाडीत घालून तालुक्याला नेलं आणि पोलिसांपुढं हजर केलं.

दुसऱ्या दिवशी आक्का शेण काढायला गेली, तर पाटलीणबाईंनी तिला दारातूनच परतवलं. ही गोष्ट तासाभरात गावभर झाली. त्या दिवशी ज्या बाईकडं गाय होती, म्हैस होती, तिनं एकेक पाटी आक्काच्या दारात नेऊन ओतली. मीही नेली. ढीग बघून आक्का कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मला गाडून टाकायचा इचार हाय व्हय गं तुमचा?" मग तिनं आम्हा सगळ्यांना कामाला लावलं. एकाच दिवशी सगळ्या घरांनी चारी कोपरे सारवले. कुणाचं काय कुठं पुरलंय, आता खुद्द मालकिणीलाही सापडलं नसतं. हसून हसून आमची पोटं दुखली.

पाचव्या दिवशी तुळसाला पालातच मुलगी झाली. बाळंतपण आक्कानंच केलं. गुढीपाडवा झाल्यावर त्यांनी आपणहून पाल मोडलं. गाडी ओढ्याकडून न नेता गावातून, चावडीपुढून नेली. तुळसा वर बसली होती, मांडीवर पोर. आम्ही बायका रस्त्यात उभ्या होतो. मला वाईट वाटत होतं, मी आक्काला म्हटलं, "एवढं करून शेवटी गेलीच की ती."

आक्का गाडीकडे बघत म्हणाली, "जायाचंच हुतं त्यास्नी. पर घालवलं न्हाय कुनी."