पाहुण्याचं कडू भांडं

मागच्या हिवाळ्यात नागापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मशीन बसवायला ब्राझीलहून एक माणूस आला आणि आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहिला. त्याचं शहर दक्षिणेकडचं, डोंगरावरचं. पणजोबा इटलीहून बोटीनं आले, रान तोडून त्यांनी द्राक्षं लावली, आता तिथं थंडी तेवढीच आणि कारखाने उदंड. हे सगळं मी सासऱ्यांना, म्हणजे आबांना, मराठीत सांगितलं.

"मंजी आपलं डोंगरातलं अकोलं आन् नागापूर एकाच जागी बशिवलंय म्हना की," आबा म्हणाले. त्यांच्यापुरता ब्राझील तिथं संपला.

रिटायर झाल्यापासून आबा संध्याकाळी ओट्यावर एकटेच बसायचे. आम्हा नवराबायकोला नोकऱ्यांतून फुरसत नाही, आणि ते मला टोचायचं. आता पाहुणा शेजारी येऊन बसू लागला. हातात वाळक्या भोपळ्याचं भांडं, त्यात हिरवा पाला, वर थर्मासमधलं गरम पाणी आणि ओढायला सगळ्यांत मिळून एकच नळी. एकानं संपवून भांडं परत द्यायचं, मग पाहुणा ते भरून दुसऱ्याला देणार. दुसऱ्याच्या पेल्याला तोंड न लावणारे आबा उष्टी नळी बघून कसनुसे झाले. पण पाहुण्याचं मन कसं मोडायचं? प्यायले.

"लई कडू हाय गं," मला हळूच म्हणाले. भांडं परत दिलं की पाहुणा ते पुन्हा भरून हातात द्यायचा, आणि आबा एरंडेल घेतल्यासारखे गिळायचे. मग सूड म्हणून की काय, त्याला चहा. कप खाली ठेवताना तो त्याला येणारा एकुलता एक मराठी शब्द बोलायचा, "धन्यवाद."

"भिडस्त हाय बिचारा. आनखी वत," आबांचा मला हुकूम.

शेवटी त्यानं मला मोडक्या इंग्रजीत विचारलं, "तुमच्याकडे चहा थांबवतात कसा?" तेव्हा कळलं, त्याच्या देशात भांडं परत देताना आभार मानले की त्याचा अर्थ, आता पुरे. गप्प राहिलं की आणखी हवं. आणि आमच्या घरात जवळच्या माणसाचे आभार मानतो कोण? मी पोट धरून हसले. आबांना सांगितलं, तर त्या संध्याकाळी पहिल्याच भांड्याला ते गरजले, "धन्यवाद!" पण उठले मात्र नाहीत. दोघं अंधार पडेपर्यंत बसून होते, आणि मला फार बरं वाटलं.

जायच्या दिवशी गाडी दारात उभी होती. पाहुण्यानं एक शेवटचं भांडं भरलं. आबांनी ते तळापर्यंत ओढलं, परत त्याच्या हातात दिलं आणि अवाक्षर काढलं नाही.

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. पाहुण्यानं बॅग खाली ठेवली आणि थर्मास पुन्हा उघडला.