ब्रूटसकाकांचं प्रजासत्ताक

राजाला हाकललं की राजेपण जातं, असं तुम्हाला खरंच वाटतं? मग तुम्ही परदेशातल्या आमच्या मराठी मंडळाच्या ब्रूटसकाकांना पाहिलेलं नाही. किंवा पाहिलं असेल आणि टाळ्या वाजवून घरी गेला असाल.

काका इथल्या पासिर रिस भागात राहायचे. जहाजावर चीफ इंजिनिअर होते, त्यामुळे दिवाणखान्यातही इंजिनरूममध्ये असल्यासारखे बोलत. त्यांचं दैवत एकच, रोमचा ब्रूटस. कुणी सीझरचं नाव काढलं की चिडायचे. "सीझरवाला नव्हे रे. तो कितीतरी नंतरचा. हा ओरिजिनल." हा ओरिजिनल म्हणजे जुलमी राजाच्या दरबारात वेड पांघरून पेडगावला गेलेला, वेळ येताच त्याला रोमबाहेर घालवणारा, आणि राजाला परत आणण्याचा कट केला म्हणून पोटच्या मुलांना देहदंड देणारा. पुण्याहून नवा आलो तेव्हा काकांनीच मला खोली शोधून दिली, काकूंच्या हातची आमटी वाढली आणि ही गोष्ट सांगितली. मला वाटलं, नेता सापडला.

तेव्हा मंडळाचे अध्यक्ष होते 'सर'. वर्षानुवर्षं तेच. वार्षिक सभेत एक सूचक, एक अनुमोदक, मग टाळ्या, मग बटाटेवडे. एका सभेत काका उठले आणि म्हणाले, "सर, राजे निवृत्त होत नाहीत, म्हणून त्यांना घालवावं लागतं." सर गेले. काकांनी रोमन व्यवस्था आणली. अध्यक्ष दोन, मुदत एक वर्ष.

पुढच्या वर्षी दोघांपैकी एक बदलला. दुसरा अध्यक्ष मात्र काकाच राहिले. त्याच्या पुढच्या वर्षीही तसंच. सोबतीला काका असा माणूस निवडत की ज्याला मत असण्याचा त्रास नाही. वन-नॉर्थच्या ऑफिसांतला एक सहअध्यक्ष तर अभिमानाने सांगायचा की काका बोलले की तो बोलल्यासारखंच आहे. मतदानाचा विषय मी काढला, तर काका मायेने पाठीवर हात ठेवत. "मतदान परक्यांत होतं. आपण घरची माणसं." बिनविरोध हा शब्द आपण मराठी माणसं पदकासारखा मिरवतो. सभागृहात कुणालाच विरोध करायची हिंमत नव्हती, हा त्याचा खरा अर्थ.

मग काकांनी नाटक लिहिलं. अर्थात ब्रूटसवर, आणि ब्रूटस अर्थात स्वतः. तालमींना जागा हवी, म्हणून रविवार सकाळची खोली घेतली. त्या खोलीत बुकित बातोक भागात राहणाऱ्या मेधाताई मुलांचा मराठी वर्ग चालवत. त्यांचे यजमान सहा-सहा महिने बोटीवर असत आणि त्या एकट्या घरोघर फोन करून मुलं जमवत. राजेशाही संपल्याचं नाटक बसवायला एका माणसाच्या शब्दावर वर्ग बंद झाला. गणेशोत्सवात काका चादर पांघरून मुलांना देहदंड देत होते आणि प्रेक्षक डोळे पुसत होते. मेधाताई मागच्या रांगेत बसून होत्या. त्या मला एवढंच म्हणाल्या, "मला अध्यक्षपदाला उभं राहायचंय. वर्ग परत हवाय."

हे काकांच्या कानावर गेलं. तोवर त्यांचं पुण्याला परतायचं ठरलं होतं. निरोपाच्या जेवणात त्यांनी अध्यक्षपदाच्या आपल्या जागी मुलगा निनाद याचं नाव जाहीर केलं. निनादला मंडळात रस नाही, विचारलं तर म्हणाला, "पपा हॅपी कॅन ऑलरेडी, लाह." म्हणजे, पपा खूश झाले की झालं. तो निदान खरं बोलला. टाळ्या पडल्या.

चांगी विमानतळावर सामान ढकलताना मी काकांना विचारलं, ब्रूटसने काय केलं असतं?

ते म्हणाले, "ब्रूटसला घरी जाऊन काकूला तोंड दाखवायचं नव्हतं." मग माझी कॉलर नीट केली. "तू जेवत जा वेळेवर."

मला हसू आलं, रडूही आलं आणि रागही आला. राग अजून आहे. ज्याने मला उठून प्रश्न विचारायला शिकवलं, त्यानेच माझा प्रश्न जेवणावर नेला.

येत्या रविवारी वार्षिक सभा आहे. मेधाताईंचं नाव मी सुचवणार आहे. निनादला मत द्यायचं असेल तर खुशाल द्या, पण मतदान होऊ द्या. त्यासाठी एक अनुमोदक लागतो. मी खाली बसल्यावर सभागृहात सगळे एकमेकांकडे पाहतील. तेव्हा शेजाऱ्याकडे पाहू नका. तुम्ही उभे राहा.